पालथं पान, पांढरी लव

ओक म्हटलं की मराठी माणसाला आधी आडनाव आठवतं, झाड नंतर. त्यात नवल काही नाही. सह्याद्रीत ओक आपणहून उगवत नाही. आपल्याला तो भेटतो मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत, नाहीतर 'आइस एज' चित्रपटातल्या त्या खारीच्या पंजात, जी एका टोपीवाल्या फळापायी अख्खा हिमनग फोडत सुटते. म्हणूनच नैनिताल, राणीखेत, कौसानी अशा सहलीला गेलेल्या आपल्या मंडळींची एका ठरावीक जागी गडबड उडते. घाटातल्या वळणावर चालक वरच्या जंगलाकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "ये सब बांज है, ओक." मंडळी उतरतात, एक पान हातात घेतात आणि एकमेकांकडे बघतात. पुस्तकातल्या ओकचं पान नागमोडी कडेचं, बोटं फुटल्यासारखं असतं. हे तर भाल्याच्या पात्यासारखं सरळ, कडेला करवतीचे दाते असलेलं. हा ओक कसा?

सहल एप्रिलातली असेल तर आणखी एक कोडं पायाखालीच असतं. माहितीफलकावर झाडाचं वर्णन 'सदाहरित' असं असतं आणि बुंध्याशी वाळक्या पानांचा खच पडलेला असतो.

दोन्ही कोडी सुटतात. त्यासाठी फळ बघायचं, मग पान पालथं करायचं.

टोपीवरून कूळ

जगात ओकच्या सुमारे ४३० जाती आहेत. त्यांच्या पानांत कसलाही मेळ नाही. युरोपातल्या ओकची पानं नागमोडी, भूमध्य समुद्राकाठच्या काहींची छोटी आणि काटेरी, तर आशियातल्या काहींची पानं बघून तुम्ही बिनदिक्कत 'आंब्याच्या जातीतलं काहीतरी' म्हणाल. पानावरून ओक ठरवायला जाणं म्हणजे चेहऱ्यावरून आडनाव सांगण्यासारखं. कधी जमतं, बहुतेकदा फसतं.

कुळाची खरी खूण फळात आहे. वांग्याला जशी देठाकडे हिरवी टोपी असते, तशी ओकच्या फळाच्या बुडाशी एक वाटी असते. वांग्याची टोपी हा फुलाचाच भाग असतो. ओकची वाटी बारीक बारीक खवले एकमेकांवर चिकटून तयार झालेली असते आणि ती लाकडासारखी टणक होते. फळ पिकलं की वाटीतून सुटून खाली पडतं आणि रिकाम्या वाट्या झाडाखाली महिनोन् महिने सापडत राहतात. म्हणजे फळांचा हंगाम नसला तरी पाचोळा उकरून ओकचा पुरावा मिळवता येतो. बांजच्या बाबतीत फळ हिवाळ्यात पिकतं. कोवळं असताना ते निम्मं वाटीत बुडालेलं असतं, पिकताना वर येतं.

वसंतात गेलात तर फुलंही दिसतील, पण ती फुलं आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं. नरफुलांच्या बारीक, पिवळट माळा फांद्यांवरून लोंबतात. ना रंग, ना वास, ना मध. यांचे पराग वारा नेतो, मग कीटकांसाठी सजायचं कशाला?

ओकचा एक नातेवाईक मात्र पिढ्यान् पिढ्या आपल्या घरात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बाळगुटीच्या डबीत जायफळाशेजारी एक गोल, खडबडीत, करड्या रंगाचं 'मायफळ' असतं. ते फळ नव्हेच. तुर्कस्तान-इराणकडच्या एका ओकच्या कळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते. आतल्या अळीमुळे तिथली वाढ बिघडते आणि झाडाला गाठ येते. ती गाठ म्हणजे मायफळ. सहाणेवर उगाळताना जो तुरटपणा जाणवतो, तो ओकमधल्या टॅनिनचा. चामडं कमावण्यासाठी आणि जुन्या काळी शाई करण्यासाठी वापरत ते हेच द्रव्य. बांजच्या सालीतही ते आहे.

पाच चुलतभाऊ

हे झाड ओक आहे एवढं ठरलं. पण कोणता ओक? उत्तराखंडात साधारण पाच जाती भेटतात आणि पाचही सदाहरित. स्थानिक बायका चाऱ्यासाठी रोज जंगलात जातात. त्या लांबूनच झाड ओळखतात. आपण नवखे, आपल्याला पान हातात घ्यावं लागतं.

बांजचं पान साधारण हाताच्या बोटाएवढं लांब असतं, क्वचित त्याहून मोठं. वरची बाजू गडद हिरवी, तुकतुकीत. मधल्या शिरेपासून दोन्हीकडे आठ ते चौदा सरळ शिरा एकमेकींना समांतर निघतात आणि बहुधा प्रत्येक शीर कडेच्या एकेका दात्यात जाऊन संपते. आता पान पालथं करा. खालची बाजू राखाडी-पांढरी दिसते आणि बोटाला मऊ लागते, पिठात बुडवून काढल्यासारखी. नखानं खरवडलं तर ते पांढरं थोडं निघतं आणि खाली हिरवं दिसतं. तो रंग नसतो. ती लव असते, केसांची दाट, आडवीतिडवी विणलेली चादर.

लांबून ओळखायचीही खूण हीच. वारा सुटला की पानं पालथी होतात आणि हिरवा डोंगर क्षणभर चांदीसारखा चमकून परत हिरवा होतो. एकदा हे पाहिलं की बांजचं जंगल शेजारच्या डोंगरावरूनही ओळखू येतं.

| खिशात ठेवायची चिठ्ठी |
|---|
| बांज: खाली पांढरट लव, कडेला दाते. मुख्यतः १,५०० ते २,२०० मीटरवर. |
| रियांज: खाली जाड, तपकिरी लोकरीसारखी लव. बांजच्याच पट्ट्यात, पण विरळ. |
| तिलौंज (गढवालात मोरू): पान दोन्ही बाजूंनी हिरवं, गुळगुळीत. बांजच्या वरच्या पट्ट्यात, ओलसर उतारांवर. |
| फल्यांट: खाली निळसर-राखाडी झाक, फळाच्या वाटीवर खवल्यांऐवजी गोल कडी. खालच्या उंचीवर, ओढ्यांकाठी. |
| खरसू: तरुण झाडाची पानं काटेरी, थोराड झाडाची बिनकाट्यांची. साधारण २,४०० मीटरच्या वर. |

उंचीचा अंदाज आपल्या मापानं घ्यायचा तर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथे संपतं, तिथे बांजचं खरं राज्य सुरू होतं.

या पाचांत खरसूचं शास्त्रीय नाव मराठी वाचकासाठी मजेशीर आहे. क्वेर्कस सेमेकार्पिफोलिया, म्हणजे 'सेमेकार्पससारख्या पानांचा ओक'. आणि सेमेकार्पस म्हणजे आपला बिब्बा. नाव देणाऱ्याला हिमालयाच्या त्या थंडीतलं पान बघून बिब्ब्याचं पान आठवलं!

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. बांजच्या शेजारीच बुरांस असतो, लालभडक फुलांचा. त्याचंही पान खालून चंदेरी असतं. पहिल्या दिवशी भलेभले फसतात. पण बुरांसच्या पानाला दाते नसतात आणि त्याची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यानं येतात. दाते आणि लव दोन्ही असतील, तरच बांज म्हणायचं. आणखी एक: ज्या झाडाच्या फांद्या वारंवार तोडल्या आहेत, त्याच्या नव्या फुटीवरची पानं नेहमीपेक्षा जास्त काटेरी असू शकतात. तेव्हा चार पानं चार ठिकाणची घ्यावीत. एका पानावर निकाल देऊ नये.

लव कशासाठी?

खूण पाठ करणं सोपं. पण झाडानं ही चादर विणण्याचा खटाटोप का करावा?

पानाला श्वासोच्छ्वासासाठी आणि अन्न बनवायला हवा लागते. ती बारीक छिद्रांतून आत जाते. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. बांजच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात. छिद्र उघडलं की हवा आत येते, पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेरही जाते. दार उघडलं तर तहान, बंद ठेवलं तर भूक. प्रत्येक पानाची रोजची अडचण हीच.

आता आपला वाळत घातलेला कपडा आठवा. गच्चीवर वाऱ्यात तासाभरात वाळतो. तोच बाथरूमच्या कोपऱ्यात टांगला तर संध्याकाळपर्यंत दमट. पाणी तेवढंच, कापड तेच. फरक एवढाच, की कोपऱ्यातली ओलसर हवा हलत नाही आणि कपड्याभोवती रेंगाळते. पानाखालची लव हेच करते. केसांच्या जाळीत हवेचा पातळ, दमट थर अडकून राहतो. रंध्र उघडं असूनही वाफ सहज निसटत नाही.

याची गरज कुठे पडते, हे बांजच्या मुलखातलं ऋतुचक्र बघितलं की कळतं. कुमाऊँ-गढवालात पाऊस मुख्यतः जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. हिवाळ्यात थोडा पाऊस, थोडा बर्फ. आणि मार्च ते जून कोरडा, उन्हाचा, वणव्यांचा काळ. पानं सांभाळणाऱ्या झाडाला हे महिने अवघड जातात. त्याचा भाऊ तिलौंज ओलसर, सावलीच्या उतारांवर राहतो आणि त्याचं पान खालून गुळगुळीत असतं, हे इथे ध्यानात घेण्यासारखं. लवेचं एवढंच काम असेल असं नाही. बारीक किड्यांनाही ती अडवते.

पानं गळतात, तरी सदाहरित

आता पायाखालच्या पाचोळ्याकडे वळू. सदाहरित म्हणजे ज्याची पानं कधीच गळत नाहीत, अशी आपली ढोबळ समजूत. ती चूक आहे. कुठलंही पान अमर नसतं. बांजच्या शेजारी वाढणाऱ्या चीड पाइनच्या सुया वर्षभराहून जास्त टिकतात. बांजचं पान सुमारे एक वर्ष.

दादर स्टेशनात लोकल थांबते तेव्हा काय होतं? उतरणारे उतरत असतात, त्याच वेळी चढणारे आत घुसत असतात. अर्ध्या मिनिटात निम्मा डबा बदलतो, पण डबा रिकामा असा एक क्षणही दिसत नाही. बांजचा वसंत असाच असतो. जुनी पानं गळतात त्याच सुमारास नवी फुटतात. झाडाखाली खच, झाडावर पालवी. आपला साग मात्र शेवटच्या स्टेशनात उभ्या गाडीसारखा. सगळे उतरणार, डबे रिकामे, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत तसंच.

दोघांचे हिशेब वेगळे आहेत. सागाच्या मुलखात पावसानंतर पाणी आटत जातं, ऊन वाढत जातं. पानं टाकून देणं परवडतं. बांजच्या उंचीवर हिवाळा थंड असतो, पण हाडं गोठवणारा नसतो. दुपारी लख्ख ऊन असतं. पान शाबूत असेल तर त्या उन्हातही थोडी कमाई होते. आणि पावसाळा येईपर्यंत नवी पानं पूर्ण वाढून तयार असतात. वर्षातला सर्वांत चांगला धंदा या तीन महिन्यांत होतो, त्याआधी दुकान मांडून बसायचं.

नवी पालवी बघायला मिळाली तर ती सोडू नका. ती गुलाबी-जांभळट असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना लव असते. पान मोठं होताना वरची लव झडते, खालची राहते. एप्रिलात कुणी 'वरूनही पांढरं आहे, मग हा बांज नाही' म्हणालं, तर ते याचमुळे.

तीन नावं, एक खूण

बांजला आज बहुतेक पुस्तकांत क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा म्हणतात. नाव जिभेला जड, पण अर्थ सरळ: ल्युको म्हणजे पांढरा, ट्रायको म्हणजे केस, फोरा म्हणजे धारण करणारा. पांढरे केस धारण करणारा ओक. पान उलटण्याची सूचना नावातच दिलेली आहे.

हे पहिलं नाव नव्हे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी याला क्वेर्कस इन्काना म्हटलं होतं. इन्काना म्हणजे पांढुरका, पिकल्या केसांचा. म्हणजे त्यांचंही लक्ष पालथ्या बाजूकडेच गेलं. पण अडचण अशी, की हेच नाव अमेरिकेतल्या एका ओकला विल्यम बार्ट्रमनं आधीच देऊन ठेवलं होतं. वनस्पतिशास्त्रात नियम असा, की एका नावाची दोन झाडं चालत नाहीत. जे आधीचं, त्याचा हक्क. विसाव्या शतकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे काम्यू यांनी नवं नाव दिलं. जगभरच्या ओकवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या या बाईंनी अर्थ तोच ठेवला, भाषा फक्त लॅटिनऐवजी ग्रीक केली. आता काही अभ्यासक म्हणतात, डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली दिलेलं क्वेर्कस ओब्लाँगाटा हे नाव याच झाडाचं आहे आणि जुनं आहे, म्हणून तेच वापरा. ओब्लाँगाटा म्हणजे लांबट. मला हे नाव आवडत नाही. लांबट पानं हजार झाडांना असतात.

वनखात्याच्या जुन्या कागदांत 'इन्काना' दिसलं, तर ते हेच झाड समजावं.

चीडशी भांडण

रॉक्सबर्ग यांचं स्वतःचं नाव मात्र बांजच्या प्रतिस्पर्ध्याला चिकटलं. पायनस रॉक्सबर्गी, म्हणजे चीड पाइन. कुमाऊँत एकाच डोंगरावर खाली चीड आणि वर बांज असं चित्र असतं आणि मधली रेघ सारखी सरकत असते. बहुतेक ठिकाणी वरच्या दिशेनं, म्हणजे बांजच्या तोट्यात.

इंग्रजी राजवटीला चीड हवा होता: रेल्वेचे स्लीपर आणि राळ. गावाला बांज हवा होता: चारा, सरपण, नांगराचं लाकूड, गुरांखाली अंथरायला पाला, त्याचंच पुढे खत. १९२१ साली कुमाऊँत जंगलबंदीविरुद्ध लोकांनी वणवे लावले, तेव्हा जळाली ती मुख्यतः चीडची सरकारी जंगलं. रुंद पानांच्या जंगलांना लोकांनी हात लावला नाही, असं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिलं आहे. आपलं जंगल कोणतं आणि त्यांचं कोणतं, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

पण दोष सगळा माणसाला देऊन भागत नाही. चीडची स्वतःची एक चाल आहे. झाड पान टाकण्याआधी त्यातला नायट्रोजन शक्य तेवढा परत काढून घेतं. घर सोडताना आपण पंखे-दिवे काढून नेतो तसं. चीड या कामात फार काटकसरी. त्याच्या गळलेल्या सुयांत फारच थोडा उरतो. त्या कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींना मग मातीतलाच नायट्रोजन ओढून घ्यावा लागतो. माती कंगाल होते. चीड तशा मातीत तग धरतो, बांजचं रोप धरत नाही. बांजच्या पाचोळ्यात ऐवज जास्त राहतो, म्हणून तो लवकर कुजतो आणि मातीला परत मिळतो. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठातल्या जे. एस. सिंग आणि सहकाऱ्यांनी हे १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. त्यात वणव्याची भर. चीडची साल जाड, तो आगीतून बचावतो. बांजची कोवळी रोपं संपतात.

'बांजच्या मुळातून पाणी झरतं' असं पहाडात सगळे सांगतात. शब्दशः ते खरं नाही. झाड पाणी तयार करत नाही, उलट पितं. पण बांजखालची कुजलेल्या पानांची जाड, भुसभुशीत गादी पावसाला वाहून जाऊ देत नाही, मुरवते. मुरलेलं पाणी खाली झऱ्याला मिळेल की नाही, ते मग खडकावर अवलंबून. तेव्हा म्हण पूर्ण खरी नसली, तरी ज्यानं ती पहिल्यांदा म्हटली त्याचं निरीक्षण कच्चं नव्हतं.

तोडलेला बांज आणि एप्रिलची भूक

गावाजवळचा बांज बऱ्याचदा झाडासारखा दिसतच नाही. उंच खांब आणि शेंड्याला हिरवा झुबका. कोकणात राबासाठी कवळ तोडलेला ऐन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे रूप लगेच ओळखीचं वाटेल. कारणही सारखंच: पाला गोठ्याला आणि शेताला लागतो. बांज बुंध्यापासून तोडला तरी उसाच्या खोडव्यासारखा परत फुटतो, म्हणून हे इतकी वर्षं चाललं. पण सारखी छाटणी होणारं झाड फळ धरत नाही. जे फळ धरतं त्यातलं बरंच वानर, अस्वल, उडत्या खारी आणि किडे खातात. उरलेलं वाळलं की मरतं. हे बी धान्यासारखं साठवून ठेवता येत नाही. त्यातल्या त्यात जे नावाचे पक्षी फळं लांब नेऊन जमिनीत पुरून ठेवतात. काही विसरतात. नवी रोपं येतात ती बरीचशी या विसरभोळेपणातून.

ऐन आणि बांज यांचं आणखी एक नातं आहे. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाजातली माणसं ऐनावर टसर रेशमाच्या अळ्या पोसतात, त्यांचा हंगाम पावसाळ्याचा. उत्तराखंडात आणि मणिपुरात टसरच्याच दुसऱ्या जातीच्या अळ्या ओकवर पोसतात. ती जात चिनी आणि भारतीय पतंगांच्या संकरातून निघाली आहे. तिथली मुख्य पिढी वसंतात घ्यावी लागते, कारण अळीच्या जबड्याला जुनं, चिवट, तुरट पान झेपत नाही. म्हणून पतंग कोशातून कधी बाहेर येतील आणि बांजला पालवी कधी फुटेल, ही दोन पंचांगं जुळवत बसावं लागतं. पतंग आठ-दहा दिवस आधी निघाले, तर नुकत्या जन्मलेल्या अळ्यांपुढे फक्त गेल्या वर्षीची पानं असतात, गळायला टेकलेली.